तेराव्याला आकडा बोलू नका

मुलगी गेली तेव्हा अकरावीत होती. तेराव्याला पंगत बसायच्या आत नात्यातले एक काका उभे राहिले आणि तिच्या नावाने एका शाळेला खोली बांधून देणार, असं आमच्या वतीने जाहीर करून मोकळे झाले. आकडाही सांगून टाकला. त्या घडीला ‘नाही’ म्हणायचं त्राण कुठल्या आईबापात असतं? खोली झाली, नावाची पाटी लागली. काही वर्षांनी रंगकाम निघालं, पाटी उतरली आणि त्या जागी दुसऱ्या देणगीदाराची चढली. विचारायला गेलो तर मुख्याध्यापक नवे, कारकून नवा, आणि आमच्या हातात कागद एकच, देणगीची पावती. तिच्यावरही मुलीचं नाव नव्हतं, माझं होतं.

आता बुऱ्हाणपुरात किंवा रावेरकडच्या नात्यात कोणाचं लेकरू गेलं की मी बसायला जातो आणि निघताना घरातल्या थोरल्याला बाजूला घेऊन सांगतो: वर्षश्राद्धापर्यंत कोणालाही आकडा बोलू देऊ नका. पैसे कुठे पळून जात नाहीत. नंतर द्यायचेच ठरलं तर मुद्दल मोडायचं नाही, व्याजातून काय द्यायचं, कोणाला, निवड कोण करणार, संस्था बंद पडली तर रक्कम कुठे जाणार, हे सगळं संस्थेच्या ठरावात लिहून घ्या. पावतीवर विसंबू नका. ठरावाची सही-शिक्क्याची प्रत घ्या आणि ती कुठे ठेवली आहे ते पुढच्या पिढीला सांगून ठेवा.

नाव किती टिकतं हे आमच्या बुऱ्हाणपूरला विचारावं. अकबराचा दानियाल 1605 मध्ये इथेच दारूपायी गेला. जहांगीरचा खुसरो 1622 मध्ये इथे गेला, परवेझ 1626 मध्ये. आज रिक्षावाल्याला यांतलं एकही नाव सांगा, तो तुम्हाला तापीपलीकडे आहुखान्यातच नेऊन सोडेल, मुमताजच्या तात्पुरत्या कबरीची जागा दाखवायला. बादशहांच्या पोरांची ही गत, मग आपल्या पाटीचं काय घेऊन बसलात!

मला कोल्हापूरचं उदाहरण जवळचं वाटतं. राजर्षी शाहू महाराजांचा धाकटा मुलगा, प्रिन्स शिवाजी, 1918 मध्ये शिकारीत गेला. 1920 मध्ये त्याच्या नावाने मराठा बोर्डिंग निघालं, खेड्यापाड्यांतली मुलं तिथे राहून शिकली. पण त्याहून मोठं काम घरातलं होतं. कोवळ्या वयात विधवा झालेल्या सुनेला, इंदुमतींना, महाराजांनी कोपऱ्यात बसू दिलं नाही, कोल्हापूरजवळच्या सोनतळीला ठेवून शिकवलं. मागे उरलेल्या माणसाकडे आधी पाहिलं.

आमच्याकडे मागे उरला होता धाकटा. ताईचा हार घातलेला मोठा फोटो त्याच्या अभ्यासाच्या टेबलासमोरच होता. दहावीच्या वर्षी एका दुपारी त्याने टेबल फरफटत खिडकीकडे नेलं आणि भिंतीकडे पाठ करून बसला. बोलला काहीच नाही. त्याच्या आईने संध्याकाळी फोटो काढून आमच्या खोलीत लावला. ताईच्या गमती तो आता आपणहून सांगतो, हसतोसुद्धा. फोटो घरात जरूर असावा, पण भावंडांना त्याच्या नजरेखाली बसवू नका. आणि निकालाच्या दिवशी ‘ताई असती तर नव्वदच्या खाली आली नसती’ हे वाक्य घरात कोणालाही बोलू देऊ नका, अगदी आजीलासुद्धा.

आता दरवर्षी शाळा सुरू होताना आम्ही एका मुलीची फी भरतो. खिडकीवर पैसे मोजायला धाकटाच जातो, आणि पावती त्या मुलीच्याच नावाने फाडून घेतो.