कपाशीची पाने तांबडी पडणे : कारणे, ओळख व उपाय

बीड जिल्ह्यातील चौसाळा परिसरात कोरडवाहू कपाशी काळ्या भारी जमिनीप्रमाणेच उतारावरील हलक्या जमिनीतही घेतली जाते. बोंडे भरण्याच्या सुमारास पाने तांबडी पडून पुढे तपकिरी होतात व गळतात. या विकृतीस शेतकरी ‘लाल्या’ म्हणतात. लाल्या हा बुरशीजन्य रोग नव्हे. त्यावर बुरशीनाशक फवारल्यास पैसा वाया जातो व बोंडे पोसण्याचे दिवसही निघून जातात. म्हणून प्रथम कारण निश्चित करावे.

ओळख

शेताच्या निरनिराळ्या भागांतील २० झाडांची पाने दोन्ही बाजूंनी पाहावीत.

१. पानांचे काठ खाली वळून तांबूस झाले असतील व खालच्या बाजूस तिरपे चालणारे फिकट हिरवे तुडतुडे दिसतील, तर पानांतील रस शोषला जात आहे असे समजावे.

२. जुन्या, खालच्या पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग जांभळट-तांबडा झाल्यास मॅग्नेशियमची उणीव असते. हरितद्रव्याचा हा आवश्यक घटक आहे. तो अपुरा पडल्यास झाड जुन्या पानांतील साठा वाढत्या भागांकडे वळविते. नत्राच्या उणिवेत मात्र खालचे सबंध पान प्रथम पिवळे व नंतर तांबूस होते.

३. जुन्या पानांचे काठ व टोके करपल्यास पालाशाची उणीव संभवते.

४. केवळ सखल भागातील झाडे तांबडी झाल्यास तेथे पाणी साचले आहे काय, ते पाहावे. हवेअभावी मुळांना अन्नद्रव्ये शोषता येत नाहीत.

उपाय

तुडतुड्यांची संख्या प्रत्येक पानामागे सरासरी २ ते ३ झाल्यास नियंत्रणाचे उपाय योजावेत. प्रारंभी ५ टक्के निंबोळी अर्क फवारावा. बीटी वाणांवरही ही कीड येते, कारण त्यांतील संरक्षण बोंडअळ्यांपुरते आहे. तुडतुडे असताना नत्राची जादा मात्रा देऊ नये. लुसलुशीत पानांवर ते अधिक वाढतात.

मॅग्नेशियमच्या उणिवेसाठी १० लिटर पाण्यात १०० ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट, तर नत्राच्या उणिवेसाठी २०० ग्रॅम युरिया विरघळवून फवारावे. पालाशासाठी त्याच प्रमाणात पाण्यात १०० ग्रॅम १३:०:४५ हे विद्राव्य खत वापरावे. जमिनीत ओल असताना, सकाळी किंवा सायंकाळी फवारणी करून ८ ते १० दिवसांनी पुन्हा करावी. साचलेले पाणी चर काढून बाहेर घालवावे व वाफसा येताच कोळपणी करावी.

विशेष सूचना

तांबडे झालेले पान बहुधा पुन्हा हिरवे होत नाही; नवी पाने व वरची बोंडे सांभाळणे हा फवारणीचा हेतू होय. बहुतेक बोंडे फुटल्यावर आणि रात्री गारवा वाढल्यावर पाने तांबडी पडली, तर ते पिकाच्या पक्वतेचे लक्षण होय. तेव्हा खर्च करू नये.

ज्या शेतात लाल्या वारंवार येतो, तेथील मातीची तपासणी करून घ्यावी. मॅग्नेशियम कमी आढळल्यास पुढील हंगामात पेरणीच्या वेळी हेक्टरी २० ते २५ किलो मॅग्नेशियम सल्फेट द्यावे व शेणखताचा वापर वाढवावा. गावोगावच्या कृषी कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यांसमवेत शेतात जाऊन ही लक्षणे प्रत्यक्ष दाखवावीत, म्हणजे अनावश्यक फवारणी टळेल.