प्रकट वाचन : अर्थ आवाजात कसा उतरेल?



दुसरी-तिसरीतलं मूल धडा वाचत असताना नीट ऐका. बहुधा दोन गोष्टी जाणवतील. एकतर शब्द सुटे सुटे येतात, नाहीतर प्रत्येक ओळीच्या शेवटी तोच हेल. हा हेल बऱ्याचदा सामूहिक वाचनातून लागतो. सगळ्यांबरोबर राहायचं म्हणून मुलं ताल धरतात आणि अर्थ सुटतो.

२०२१ साली सुरू झालेल्या 'निपुण भारत'मध्ये तिसरीअखेर मिनिटाला किमान ६० शब्द अर्थासह वाचता यावेत, असं उद्दिष्ट आहे. आपण घड्याळ लावून ६० मोजतो, पण 'अर्थासह' मागे राहतं. पात्र रागावलंय की लाडात आलंय, हे मुलाला कळलं तरच ते आवाजात येतं. म्हणून आरोह-अवरोह ही नुसती सजावट नाही, ती समजल्याची खूण आहे.

वर्गात हे करून पाहा :

१) एक वाक्य, तीन भाव : फळ्यावर लिहा – आजी आली. आजी आली? आजी आली! शब्द तेच, सूर वेगळा. मराठीत 'का' न लावताही नुसता आवाज चढवून प्रश्न होतो. विरामचिन्हांची नावं पाठ करून घेण्याआधी ती कानाला ओळखू द्या.

२) शब्दगट : काल रात्री / आमच्या गोठ्यात / छोटंसं वासरू / जन्माला आलं. पेन्सिलने अशा तिरप्या रेघा मारू द्या. मग मुद्दाम 'गोठ्यात छोटंसं' एकत्र वाचून दाखवा. मुलं हसतील आणि कुठे थांबायचं ते स्वतःच सांगतील.

३) जोर कुठे? : 'माझा डबा दादाने खाल्ला.' कोणाचा डबा? कोणी खाल्ला? प्रश्न बदलला की जोराचा शब्द बदलतो.

४) पात्रवाचन : चिऊ-काऊची गोष्ट घ्या. पावसात भिजलेला काऊ, दार न उघडणारी चिऊ आणि एक निवेदक. आधी विचारा, "काऊला आत्ता कसं वाटत असेल?" मग वाचायला सांगा.

दोन पथ्यं पाळू या. न पाहिलेला उतारा थेट सगळ्यांसमोर वाचायला लावू नका. आधी मूकवाचन, मग जोडीत, मग वर्गासमोर. अडखळणाऱ्या मुलाला चारच ओळी द्या, पण त्या तयारीने वाचू द्या. दुसरं म्हणजे, वाचताना मध्येच 'न' आणि 'ण' दुरुस्त करत बसू नका. संवाद घरच्या बोलीच्या सुरात आला तर येऊ द्या. त्या सुरातच मुलाचा खरा भाव असतो. उच्चारांचा सराव नंतर वेगळा घेता येतो.

पालकांनो, घरी रोज दहा मिनिटं पुरतात. एक परिच्छेद तुम्ही वाचा, तोच मग मुलाला वाचू द्या. "किती पानं झाली?" यापेक्षा "तो असं का म्हणाला असेल?" हे विचारा.

आणि तपासायची सोपी रीत : पुस्तक न बघता, डोळे मिटून ऐका. गोष्ट तुम्हाला कळली, तर मूल खरंच वाचतंय.