मुक्या जनावरांचा वैद्य

माणसाचा वैद्य रोग्याला विचारतो, "कोठे दुखते?" पशुवैद्याला ती सोय नाही; त्याचा रोगी मुका असतो. परंतु मुका असला तरी तो काहीच सांगत नाही, असे मात्र नव्हे. गाईने रवंथ थांबविला आहे, डाव्या कुशीचा खळगा भरून नगाऱ्यासारखा ताठला आहे, हे पाहताच जाणता पशुवैद्य पोटफुगी ओळखतो. निरोगी गाईच्या अंगची उष्णता सुमारे १०१ अंश फॅरनहाइट असते; हे ज्याला ठाऊक नाही, तो धडधाकट गाईलाही ताप आला म्हणेल!

ही विद्या शिकविणारे महाविद्यालय मुंबईत परळ येथे १८८६ साली निघाले. आज बारावीला विज्ञान शाखेत जीवशास्त्र घेऊन व प्रवेशपरीक्षा देऊन पुढे साडेपाच वर्षे शिकावे लागते. त्यांतील एक वर्ष प्रत्यक्ष कामाचे असते. मध्यरात्री चिखलात गुडघे टेकून अडलेली म्हैस सोडविणे केवळ पुस्तकातून कोणाला आले आहे?

पदवी मिळाली तरी लगेच व्यवसाय करता येत नाही. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ या कायद्याप्रमाणे आधी नोंदवहीत नाव दाखल व्हावे लागते. एवढा खटाटोप कशासाठी? मुलांनो, ज्याचे घर एका म्हशीच्या दुधावर चालते, त्या शेतकऱ्याला समोरच्या माणसाची विद्या पारखता येत नाही. आणि म्हैस तर तक्रार करणार नाही. एखाद्या भोंदूने वाटेल ते औषध टोचले, तर म्हैस दगावेल. वाचलीच, तर औषधाचा अंश दुधातून लेकरांच्या पोटात जाईल. नोंदवहीतील नाव ही साऱ्या व्यवसायाने शेतकऱ्याला दिलेली हमी होय. गैरवर्तन सिद्ध झाल्यास ते नाव काढूनही टाकतात.

याखेरीज पशुवैद्य आपल्या संघटनांचे सभासद होतात, ते काही मिरविण्यासाठी नव्हे. शेजारच्या तालुक्यात लाळ्या-खुरकूत दिसल्याची वार्ता एकट्याला कोण कळविणार? बुळकांडीचेच पाहा. एके काळी या रोगाने गोठेच्या गोठे ओस पाडले. २०११ साली तो जगातून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले; देवीनंतर उच्छेद झालेला हा दुसराच रोग. त्यासाठी देशोदेशींच्या पशुवैद्यांनी गावोगाव लस टोचली आणि कोठे जनावर आजारी पडले, तर ते एकमेकांस खरेखरे कळविले. एका गावाने जरी रोग लपविला असता, तरी तो तेथून पुन्हा पसरला असता.