एकाच खुंटीवर पगार आणि पुंजी

शेअर बाजार कोसळला की नुकसान शेअर घेणाऱ्यांचे होते आणि ज्याच्याकडे डिमॅट खाते, म्हणजे शेअरची नोंद ठेवणारे खातेच नाही, त्याला त्याची झळ लागत नाही, ही समजूत पुण्याजवळच्या पिंपरी-चिंचवड, भोसरी आणि चाकणच्या कारखानदारी पट्ट्यात २००८ साली खोटी ठरली. ज्यांनी आयुष्यात एकही शेअर घेतला नव्हता, अशा हजारो घरांत त्या वर्षीच्या पडझडीने चूल मंदावली. आणि ज्यांनी शेअर घेतले होते, त्यांच्या घरी पगार आणि बचत या दोन्हींवर एकाच वेळी संक्रांत आली. हा अनुभव नीट समजून घेतल्याखेरीज पुढच्या पडझडीला तोंड देण्याची तयारी करता येत नाही.

८ जानेवारी २००८ रोजी सेन्सेक्स, म्हणजे मुंबई शेअर बाजारातील ३० मोठ्या कंपन्यांच्या भावांवरून काढला जाणारा निर्देशांक, २०,८७३ वर बंद झाला होता. १५ सप्टेंबरला अमेरिकेतील लेहमन ब्रदर्स या बँकेने दिवाळखोरी जाहीर केली आणि २७ ऑक्टोबरला, ऐन दिवाळीच्या तोंडावर, हाच निर्देशांक दिवसभरात ७,७०० च्याही खाली जाऊन आला. परदेशी गुंतवणूक संस्थांनी त्या वर्षात भारतीय शेअर बाजारातून ५० हजार कोटी रुपयांहून अधिक रक्कम काढून नेली. परंतु पिंपरीच्या दृष्टीने खरा घाव निर्देशांकाचा नव्हता, पतपुरवठ्याचा होता. इथले बरेचसे काम वाहन उद्योगावर चालते, आणि मालमोटार बहुधा कर्जावरच घेतली जाते. ते कर्ज देणाऱ्या वित्त कंपन्या स्वतःही अल्पमुदतीचा पैसा म्युच्युअल फंडांकडून उचलतात. आणि घाबरलेल्या गुंतवणूकदारांनी ऑक्टोबरमध्ये फंडांतून पैसे काढायला सुरुवात केल्यावर हा झराच आटला. कर्ज मिळेना, म्हणून निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरपासून देशभरातल्या वाहतूकदारांनी नव्या गाड्या घेणे थांबवले. नोव्हेंबर २००८ मध्ये देशातील व्यापारी वाहनांची विक्री आदल्या वर्षीच्या त्याच महिन्याच्या जवळपास निम्म्यावर आली आणि टाटा मोटर्सच्या पिंपरी कारखान्यातील उत्पादन काही दिवस बंद ठेवावे लागले. अशा ठरवून घेतलेल्या बंदला कामगारांच्या बोलण्यात ‘ब्लॉक क्लोजर’ म्हणतात.

कायम कामगाराला या बंदची झळ बसली ती प्रामुख्याने ओव्हरटाइम गेल्याने. त्याचा मूळ पगार शाबूत राहिला. त्याच्या खालच्या पायरीवर मात्र काहीच शाबूत नव्हते. त्या वेळी लागू असलेल्या १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यानुसार काम नसल्याने घरी बसवलेल्या कामगाराला मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या निम्मी भरपाई मिळण्याची तरतूद होती, पण ती ५० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेतील, हजेरीपटावर नाव असलेल्या आणि एक वर्षाची सलग सेवा झालेल्या कामगारालाच. बदली आणि नैमित्तिक कामगार तिच्या बाहेर होते. ठेकेदारामार्फत आलेल्या मुलाच्या हाती फक्त ‘उद्यापासून येऊ नको’ एवढा निरोप पडत असे. महाळुंगे, खराबवाडी, नाणेकरवाडी, कुरुळी या गावांतल्या भाड्याच्या खोल्यांत चौघे-पाचजण मिळून राहणारी, मराठवाड्यातून, विदर्भातून, उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेली ही मुले गावी परतली की त्यांच्यामागे खोलीमालकाचे भाडे, खानावळीचे महिन्याचे खाते आणि किराणा दुकानातली उधारी थकत जाते. शेअरचा भाव मुंबईत पडतो आणि त्याची झळ चाकणच्या खानावळवालीला सोसावी लागते, हा या साखळीचा शेवटचा आणि सर्वांत अन्यायकारक दुवा आहे.

भोसरीतल्या लहान कारखानदाराची अवस्था याहून वेगळी नसते, फक्त ती लवकर दिसत नाही. भाड्याच्या गाळ्यात बँकेच्या कर्जावर घेतलेली दोन-तीन सीएनसी, म्हणजे संगणकाने चालणारी, यंत्रे, महिन्याच्या आरंभी मोठ्या पुरवठादाराकडून येणारे शेड्यूल, म्हणजे त्या महिन्यात किती नग हवेत याचा तक्ता, आणि माल गेल्यावर दोन-तीन महिन्यांनी येणारे पैसे, या तीन गोष्टींवर त्याचा धंदा उभा असतो. शेड्यूल अर्धे झाले तरी यंत्राचा हप्ता, गाळ्याचे भाडे आणि विजेचा स्थिर आकार अर्धा होत नाही. लघुउद्योगाचे बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करावे आणि उशीर झाल्यास व्याज द्यावे, असे २००६ चा कायदा सांगतो. मात्र पुढचे काम जाईल या भीतीने फारच थोडे लघुउद्योजक त्याचा आधार घेतात. ही भीती समजण्यासारखी असली, तरी मंदीत सर्वांत आधी अडकणारा पैसा हाच असतो, हे ध्यानात घेऊन एकाच ग्राहकावर सगळा गाळा चालवण्याचे टाळणे शहाणपणाचे ठरते.

आता बचतीचा विचार. जानेवारी २००८ मध्ये रिलायन्स पॉवरच्या शेअरविक्रीत विक्रीला काढलेल्या शेअरच्या कित्येक पट मागणी आली. सामान्य गुंतवणूकदाराला ४३० रुपयांना मिळालेला हा शेअर ११ फेब्रुवारीला बाजारात आला आणि पहिल्याच दिवशी ३७२ रुपयांच्या आसपास बंद झाला. त्याच वर्षी टाटा मोटर्सने जग्वार-लँड रोव्हरच्या खरेदीसाठी उचललेले कर्ज फेडण्याकरिता आपल्या भागधारकांना ३४० रुपयांनी हक्कभाग, म्हणजे आधी त्यांनाच विकायचे नवे शेअर, देऊ केले, आणि नोव्हेंबर संपता संपता बाजारातला भाव त्याच्या निम्म्याहून खाली होता. कंपनी भक्कम होती आणि पुढे सावरलीही. प्रश्न तिच्या भक्कमपणाचा नव्हता. ज्या उद्योगावर घराचा पगार चालतो, त्याच उद्योगाच्या शेअरमध्ये घराची पुंजीही घातली, तर दोन्ही एकाच खुंटीवर टांगली जातात. आपल्या कारखान्याविषयीचा जिव्हाळा स्वाभाविक आहे, परंतु वाहन उद्योगात राबणाऱ्याने बचत वाहन उद्योगाबाहेर ठेवावी, हा या पट्ट्यातला पहिला नियम असायला हवा.

५ नोव्हेंबर २०१० रोजी, दिवाळीच्या मुहूर्ताच्या व्यवहारात, सेन्सेक्स २१,००० च्या वर बंद झाला. म्हणजे जवळजवळ तीन वर्षे थांबू शकलेल्याला, निर्देशांकापुरते बोलायचे तर, मुद्दल परत मिळाले. थांबता आले नाही ते मुलांची फी, घराचा हप्ता किंवा पतपेढीचे कर्ज मानगुटीवर बसलेल्यांना. पडझडीत कोण बुडतो, हे बाजाराच्या जाणकारीपेक्षा थांबण्याच्या ऐपतीवर ठरते. म्हणून किमान सहा महिन्यांचा घरखर्च आणि हप्ते वेगळे ठेवल्याशिवाय शेअरकडे वळू नये, आणि सोने गहाण टाकून किंवा पतपेढीचे कर्ज काढून तर मुळीच नाही. कंत्राटी कामगाराच्या पगारातून एवढी शिल्लक पडत नाही, हे मान्यच केले पाहिजे. त्याने आपला भविष्यनिर्वाह निधी आणि राज्य विमा, म्हणजे ईएसआय, प्रत्यक्षात भरला जातो की नाही याची दर काही महिन्यांनी खात्री करावी. चिंचवडच्या मोहननगरमधील ईएसआय रुग्णालय औषधांसाठी सर्वांना ठाऊक आहे, पण नोकरी गेलेल्या विमाधारकाला ठरावीक अटींवर ९० दिवसांपर्यंत सरासरी वेतनाच्या निम्मी रक्कम देणारी ‘अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना’ २०१८ पासून आहे, हे फार थोड्यांना माहीत असते.

अलीकडे धोक्याचे रूप बदलले आहे. वायदे आणि ऑप्शन, ज्यांना ‘एफ अँड ओ’ म्हणतात, म्हणजे शेअर प्रत्यक्ष न घेता त्याच्या पुढील भावावर थोड्या रकमेत मोठी जोखीम उचलण्याचे करार. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत अशा व्यवहारांतील ९३ टक्के व्यक्तींना तोटा झाला आणि त्यांचा एकत्रित तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होता, असे ‘सेबी’ या बाजार नियामक संस्थेच्या अभ्यासात दिसले. २०२३-२४ मध्ये असे व्यवहार करणाऱ्यांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक लोकांनी आपले वार्षिक उत्पन्न पाच लाखांच्या आत दाखवले होते. पाळी संपवून बसमध्ये मोबाइलवर ऑप्शन घेणारा तरुण याच आकड्यात मोडतो. उलट, बाजाराला भिऊन सगळी रक्कम एका संस्थेत ठेवणेही निर्धोक नाही. पिंपरीतील सेवा विकास सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२२ मध्ये रद्द केला, तेव्हा ठेवीदाराला विम्याचे संरक्षण होते ते ५ लाख रुपयांपर्यंतच. आणि पतसंस्थेतील ठेवीला हे संरक्षण मुळीच नसते.

या पट्ट्यात हाती एकरकमी पैसा येतो तो दोन वेळा: दिवाळीच्या बोनसला आणि तीन-चार वर्षांनी होणाऱ्या वेतनकरारानंतर, मागील महिन्यांच्या फरकाच्या रूपाने. टिप्स विकणारे आणि ‘महिन्याला हमखास परतावा’ सांगणारे नेमके त्याच आठवड्यांत कारखान्याच्या गेटवर आणि मोबाइलवर हजर होतात. कामगार संघटनांनी करारावर सही होते त्याच महिन्यात, फरक खात्यावर जमा होण्यापूर्वी, सभासदांची आणि शक्य तिथे त्यांच्या घरच्यांचीही सभा घ्यावी, आधी कर्ज फेडण्याचा आणि राखीव रक्कम बाजूला काढण्याचा आग्रह धरावा, आणि त्या सभेला ठेकेदाराच्या हजेरीपटावरच्या मुलांनाही बोलवावे.