खुराड्याची जमीन

दारात आठ-दहा कोंबड्या असल्या म्हणजे घरात मीठ-मिरचीला पैसा असतो. पण पावसाळा आला की पिले मरू लागतात. एखाद्या दिवशी मुंगूस शिरते आणि चार कोंबड्या मारून जाते. मग आपण म्हणतो, "आपलं नशीबच खोटं!" नशिबाला बोल लावण्याआधी खुराड्याची जमीन पाहावी. रोग बहुधा खालून येतो. चोरही पुष्कळदा खालूनच येतो.

आधी ओलीचे पाहू. कोंबडीची लघवी वेगळी होत नाही. ती शिटेबरोबरच पडते. म्हणून जमीन लवकर ओली होते. ओल आणि ऊब मिळाली की रक्ती हगवणीचे जंतू एक-दोन दिवसांत तयार होतात. पिले जमीन टोचतात आणि जंतू पोटात जातात. तीन ते आठ आठवड्यांच्या पिलांना याची बाधा फार. शिटेत रक्त दिसते. पिलू पिसे फुगवून कोपऱ्यात बसते. अशा वेळी जनावरांच्या डॉक्टरांकडून औषध आणावेच. पण जमीन ओलीच राहिली, तर औषध किती दिवस पुरणार?

शेणाने सारवलेली जमीन माणसांच्या घरात शोभते. खुराड्यात ती टिकत नाही. कोंबड्या ती उकरतात. तिला भेगा पडतात. भेगांत गोचिड्या लपतात आणि रात्री कोंबडीचे रक्त पितात. शिवाय घूस अशी जमीन सहज पोखरते.

सगळ्यांत चांगला कोबा. जमीन आजूबाजूपेक्षा एक फूट उंच घ्यावी. मुरूम टाकून चोपावा. एक घमेले सिमेंट, तीन घमेली वाळू आणि सहा घमेली खडी कालवून दोन इंच थर द्यावा. दाराकडे थोडा उतार ठेवावा. आठवडाभर पाणी मारावे. दहा कोंबड्यांना पाच फूट लांब, चार फूट रुंद जागा पुरते, म्हणजे खर्च काही फार नाही. जुन्या शहाबादी फरश्या पडून असतील तर त्याही चालतात. सांधे मात्र सिमेंटने भरावेत. कोकणासारख्या फार पावसाच्या भागात चार खांबांवर उचललेले खुराडे बरे.

कोबा करणे जमत नसेल तर मुरूम चोपा आणि भिंतीच्या कडेने बाहेरून एक फूट खोल जाड तारेची जाळी पुरा. बाजारात षट्‌कोनी घरांची पातळ जाळी मिळते. ती कोंबड्या आत ठेवते, पण मुंगसाला अडवीलच असे नाही.

कोबा असो की मुरूम, वर तीन इंच भाताचे तूस किंवा लाकडाचा भुसा पसरावा. कोरड्या कोब्यावरही नुसत्या कोंबड्या सोडू नयेत. त्यांच्या पायांना जखमा होतात. तूस दोन-तीन दिवसांनी खालीवर करावे. पाण्याचे भांडे विटेवर ठेवावे, नाहीतर सगळी ओल तिथूनच सुरू होते.

तूस बदलायचे केव्हा? मूठभर घेऊन दाबा. मूठ उघडल्यावर ते मोकळे झाले तर ठीक. लाडू तसाच राहिला, किंवा आत वाकताच डोळे झोंबले, तर ओले तूस काढा. जमीन वाळू द्या, थोडा चुना भुरभुरा आणि मग नवे तूस घाला.

काढलेले तूस लगेच रोपाच्या बुडाशी घालू नये. रोप जळते. खड्ड्यात तीन-चार महिने कुजवावे, मग परसातल्या भाजीला घालावे.