‘पाच मिनिटं’ किती मिनिटांची? : कंत्राटी काम आणि घर यांचा ताळमेळ



माझी लेक तिसरीत होती तेव्हाची गोष्ट. शाळेत घड्याळाचा पाठ झाला होता आणि तिने घरी पुठ्ठ्याचं घड्याळ तयार केलं होतं. केकच्या खोक्याचा पुठ्ठा, दोन काटे आणि मधोमध प्रेस बटण. संध्याकाळी ते घड्याळ घेऊन ती बाबांच्या खुर्चीजवळ गेली आणि म्हणाली, “बाबा, खाली खेळायला चल ना.” मिस्टरांनी कॉम्प्युटरवरची नजर न काढता नेहमीचं उत्तर दिलं, “पाच मिनिटं थांब.”

तिने हातातल्या घड्याळाकडे बघितलं आणि विचारलं, “तुझी पाच मिनिटं की घड्याळाची?”

मी पोळ्या लाटत होते. आधी हसू आलं, पण पुढच्याच पोळीला ते ओसरलं. मी सहावी-सातवीला गणित शिकवते. काळ-काम-वेगाची उदाहरणं वर्षानुवर्षं फळ्यावर सोडवते. पण माझ्याच घरात काम किती वेळ चालतं आणि त्याचे पैसे किती मिळतात, हे आम्ही कधी मांडून पाहिलं नव्हतं. पुढे ते मांडलं, आणि त्यातूनच हा पाठ तयार झाला.

पाठाची माहिती

इयत्ता : सहावी ते आठवी
वेळ : दोन तासिका
गणिताशी संबंध : सरासरी, शेकडेवारी, नफा-तोटा
उद्देश : घरातून चालणाऱ्या कामाचा खरा वेळ आणि खरी मिळकत मुलांना काढता यावी. घरी बसून केलेलं कामही कामच असतं, हे त्यांना कळावं.

ही कामं कोणती?

‘तुमचे आईवडील काय काम करतात?’ असं वर्गात विचारलं की कंपनी, दुकान, शेती, रिक्षा अशी उत्तरं पटापट येतात. काही मुलं मात्र जरा थांबतात आणि म्हणतात, “बाई, घरीच असतात.” थोडं खोलात गेलं की कळतं, आई ब्लाउज शिवते, बाबा हिशेब लिहितात, काका लग्नाचे व्हिडिओ एडिट करतात, मावशी भाषांतर करते. ही सगळी कामंच आहेत. फक्त त्यांना हजेरीपट नाही.

आपल्या भाषेत यासाठी नेमके शब्द आहेत, ते मुलांना जरूर सांगावेत. दिवसाच्या हिशेबाने पैसे मिळाले तर ती रोजंदारी. एका नगाला अमुक पैसे ठरले तर ते नगावरचं काम. ‘एवढं सगळं काम, एवढे सगळे पैसे’ असं ठोक ठरलं तर ते उक्तं काम. आज ज्याला फ्रीलान्स म्हणतात, ते बहुतेक वेळा नगावरचं किंवा उक्तं कामच असतं.

नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालानुसार २०२०-२१ मध्ये देशात सुमारे ७७ लाख गिग कामगार होते. २०२९-३० पर्यंत ही संख्या २ कोटी ३५ लाखांवर जाईल, असा अंदाज त्यात दिला आहे. यात घरपोच सामान देणारी, टॅक्सी चालवणारी मंडळीही येतात. म्हणजे आपल्या वर्गातली कितीतरी मुलं पुढे अशाच कामात असणार आहेत.

शिलेदाराचा घोडा

फ्रीलान्स हा शब्द मुळात लढाईतला. लान्स म्हणजे भाला. वॉल्टर स्कॉटच्या १८१९ मधल्या ‘आयव्हॅनहो’ कादंबरीत कोणा एका सरदाराला न बांधलेल्या भाडोत्री लढवय्यांसाठी तो येतो.

मुलांना हे समजावायला आपला इतिहास जास्त उपयोगी पडतो. मराठ्यांच्या घोडदळात बारगीर आणि शिलेदार असे दोन प्रकार होते. बारगिराला घोडा आणि हत्यारं सरकारातून मिळत. शिलेदार स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारं घेऊन चाकरीला येई. वर्गात विचारा, “घोडा आजारी पडला तर कोणाचं नुकसान?” मुलं लगेच उत्तर देतात.

नोकरदार माणूस बारगिरासारखा. कॉम्प्युटर कंपनीचा, वीज कंपनीची, आजारपणाची रजाही भरपगारी. घरून कंत्राटी काम करणारा शिलेदारासारखा. कॉम्प्युटर बिघडला, लाइट गेली, ताप आला, सगळं त्याच्या अंगावर. हातात आलेल्या रकमेतून घोड्याची चंदी वजा करायची असते, आणि आमच्या घरात नेमकं तेच राहून जात होतं.

आमच्या घरची गोष्ट

मिस्टर नाशिकच्या औद्योगिक वसाहतीत ड्राफ्ट्समन होते. २०२० च्या लॉकडाउननंतर नोकरी सुटली. तेव्हापासून ते सातपूर-अंबडच्या छोट्या कारखान्यांसाठी घरून कॉम्प्युटरवर मशीनच्या भागांची ड्रॉइंग करून देतात. दर एका ड्रॉइंगवर ठरतो. हॉलच्या कोपऱ्यात टेबल आहे.

सुरुवातीला आम्हाला वाटलं, बरंच झालं, आता घरात कोणीतरी असेल. पण घरात असणं आणि घरासाठी मोकळं असणं यात फरक आहे. शेजारच्यांचं कुरिअर, सोसायटीचा प्लंबर, नातेवाइकांच्या बँकेच्या फेऱ्या, सगळं ‘तुम्ही घरीच तर असता’ म्हणत त्यांच्याकडे येऊ लागलं. यात मीही होते, हे कबूल करते. दिवसाचे तुकडे पडायचे आणि काम रात्री दोनपर्यंत जायचं.

एका वर्षी गणपतीच्या आदल्या रात्री आठला फोन आला. बावीस ड्रॉइंग, दोन दिवसांत हवीत, मशीनला लावायची आहेत. आम्ही गावी, चांदवडकडे निघायच्या तयारीत होतो. मी आणि लेक निघालो. मिस्टर मागे राहिले आणि पोहोचले ते थेट गौरी विसर्जनाच्या दिवशी. सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी झाकून ठेवलेलं नैवेद्याचं ताट फक्त पुढे केलं. महिन्याभराने सहज चौकशी केली तेव्हा कळलं, माल आलाच नव्हता आणि ती ड्रॉइंग तशीच पडून होती. पैसे जानेवारीत आले, तेही सात-आठ फोन केल्यावर.

दोष सगळा कारखान्याचा नव्हता. ‘दोन दिवसांत हवीत’ म्हटल्यावर ‘कधी मशीनला लावणार?’ असं मिस्टरांनी विचारलंच नव्हतं. नाही म्हटलं तर पुढचं काम जाईल, ही भीती होती. अशा कामातली भीती नेहमी हीच असते.

फळ्यावरचं गणित

त्या वर्षी दसऱ्याच्या सुट्टीत आम्ही वही घेऊन बसलो आणि एका कामाचा हिशेब मांडला. वर्गाच्या सोयीसाठी आकडे थोडे सरळ केले आहेत.

काम : ३० ड्रॉइंग, प्रत्येकी ६०० रुपये, एकूण १८,००० रुपये.
ठरवताना धरलेला वेळ : ६० तास. म्हणजे तासाला ३०० रुपये.

प्रत्यक्ष लागलेला वेळ :
ड्रॉइंग काढणे – ६० तास
सांगितलेल्या दुरुस्त्या – १८ तास
कारखान्यात जाऊन मापं घेणे, फोन – ७ तास
पैशांसाठी पाठपुरावा – ५ तास
एकूण – ९० तास

१८,००० ÷ ९० = तासाला २०० रुपये. आता चंदी वजा करू. वीज, इंटरनेट, पेट्रोल, सॉफ्टवेअरचा वाटा मिळून २,७०० रुपये. उरले १५,३००. त्याला ९० ने भागलं तर तासाला १७० रुपये.

तीनशेचे एकशे सत्तर झाले, म्हणजे सुमारे ४३ टक्के घट. आणि ९० पैकी ३० तास, म्हणजे एक तृतीयांश वेळ, दर ठरवताना धरलाच नव्हता. लेकीची ‘पाच मिनिटं’ कुठे जात होती, हे आम्हाला त्या तीस तासांत सापडलं.

आम्ही काय ठरवलं

१. काम सुरू होण्याआधी लेखी. नग किती, दर काय, कधी द्यायचं, किती दुरुस्त्या दरात धरलेल्या आणि पैसे किती दिवसांत, एवढं ईमेलवर किंवा निदान व्हॉट्सअॅपवर. दोन फेऱ्यांनंतरच्या दुरुस्तीचे पैसे वेगळे.

२. उद्यम नोंदणी. सरकारी पोर्टलवर ती मोफत होते. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे ठरलेल्या तारखेला, आणि लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. आम्ही अजून तक्रार केलेली नाही, पण बिलावर नोंदणी क्रमांक आणि ४५ दिवसांचा उल्लेख आल्यापासून फोन कमी करावे लागतात.

३. घरचा ‘पगार’. आलेले पैसे आधी वेगळ्या खात्यात जातात आणि दर महिन्याच्या एक तारखेला ठरलेली रक्कमच घरखात्यात येते. चांगल्या महिन्यातली जास्तीची रक्कम कोरड्या महिन्यासाठी राहते. तीन महिन्यांचा खर्च साठवायचं ठरवलं होतं. त्याला दीड वर्ष लागलं.

४. रविवार बंद. गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती १० जून १८९० पासून, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी. त्यासाठी किती झगडावं लागलं हे वर्गात सांगताना दरवेळी वाटतं, मिळालेली ती सुट्टी आपण घरात बसून किती सहज सोडून देतो! रविवारी आता कॉम्प्युटरवर ओढणी टाकलेली असते.

५. पुठ्ठ्याचं घड्याळ. हा नियम लेकीचा. तिने ते घड्याळ बाबांच्या खुर्चीला अडकवलं. कामाला बसताना बाबांनी काटे फिरवून उठायची वेळ लावायची. तोपर्यंत ती हाक मारणार नाही, आणि त्या वेळेला बाबांनी उठायचं. पहिल्या आठवड्यात बाबा तीनदा नापास झाले. तिने वहीत लाल फुल्या मारल्या. मग त्यांनी अर्धा तास पुढचीच वेळ लावायला सुरुवात केली. मुलांना लवकरच्या वेळेपेक्षा खरी वेळ जास्त चालते, हे मला तेव्हा समजलं.

आता दुसरी बाजूही लिहिते. लेखी अटी पाहून एका कारखान्याने काम देणं बंद केलं, आणि तो लहान ग्राहक नव्हता. दोन महिने ओढाताण झाली, लेकीचा चित्रकलेचा क्लास थांबवावा लागला. माझा पगार होता म्हणून निभावलं. ज्या घरात ठरलेला दुसरा पगार नाही, तिथे ‘सरळ नाही म्हणा’ असा सल्ला देणं सोपं नाही. अशा घराने आधी तिसऱ्या नियमापासून सुरुवात करावी, असं मला वाटतं. थोडी शिल्लक जमली की नाही म्हणायला बळ येतं.

आणि बायकांचं काय? आमच्या घरी मिस्टर कामाला बसले की सगळे दबक्या आवाजात बोलतात. पण शिवणाऱ्या आईला मशीन चालू असतानाच ‘आई, भाजी कुठली?’ असं विचारलं जातं. कुकरच्या शिट्ट्या मोजत, दारावरची बेल बघत ती नग पूर्ण करते. तिचे तासही मोजायला हवेत. खुर्चीला अडकवायचं घड्याळ शिवणयंत्रालाही अडकवता येतं.

वर्गात घ्यायचा उपक्रम

पहिल्या तासिकेत शिलेदार-बारगीर आणि वरचा हिशेब घ्यावा. मग घरी करायला हे द्यावं :

१. घरात कोणी नगावर किंवा उक्तं काम करत असेल, तर त्यांच्यासोबत एका दिवसाची नोंद करा. काम कधी सुरू झालं, मध्ये किती वेळा उठावं लागलं, कशासाठी? असं काम घरात नसेल तर घरकाम करणाऱ्या व्यक्तीची नोंद करा.
२. त्यातली कोणती तीन कामं तुम्ही स्वतः करू शकता?
३. ५०० रुपयांचं काम ४ तासांचं धरलं होतं, पण ते ६ तास चाललं आणि ८० रुपये खर्च आला. तासाला खरे किती रुपये मिळाले? (उत्तर : ७० रुपये)

एक काळजी जरूर घ्या. घरातली खरी मिळकत मुलांना वर्गात सांगायला लावू नका. नोंद फक्त वेळेची, पैशांचे आकडे आपण दिलेले. मागच्या वेळी एका मुलाने दुसऱ्या तासिकेला वही दाखवली. आईच्या नोंदीत तो एका दुपारी अकरा वेळा हाक मारायला गेला होता. त्याने खाली पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘यातल्या नऊ वेळा मला पाणी हवं होतं.’ दुसऱ्या दिवसापासून तो स्वतः माठातून पाणी घेतो, असं त्याच्या आईने पालकसभेत सांगितलं.

आमची लेक आता सहावीत आहे. पुठ्ठा मऊ पडलाय, मिनिटकाटा दोनदा बदललाय. गेल्या आठवड्यात मी उत्तरपत्रिका तपासत होते. ती काहीतरी दाखवायला आली आणि माझ्याही तोंडून ‘पाच मिनिटं’ निघून गेलं. तिने जाऊन खुर्चीवरचं घड्याळ काढून आणलं, माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाली, “लाव.”

मी सव्वासातची वेळ लावली आणि उठले सव्वासातलाच. तुमच्या घरी, तुमच्या वर्गात हा पाठ जरूर करून पाहा.