एक हार्ड डिस्क, तीन संगणक

समजा, शाळेच्या प्रयोगशाळेतील विंडोज संगणकावर तुम्ही विज्ञान प्रदर्शनाचा चित्रपट तयार केला आणि तो एका बाह्य हार्ड डिस्कवर साठवला. दुसऱ्या दिवशी ती डिस्क सरांच्या मॅक संगणकाला जोडली. चित्रपट दिसला, परंतु त्यात दुरुस्ती करून तो त्याच डिस्कवर पुन्हा ठेवू लागताच संगणकाने नकार दिला. उलट, मॅकच्या पद्धतीने तयार केलेली डिस्क विंडोजला जोडावी, तर तो संगणक म्हणतो, 'ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करा.' डिस्क तीच, तार तीच. मग एका संगणकाला जे वाचता येते ते दुसऱ्याला का येऊ नये?

डिस्कवर काय असते?

हार्ड डिस्कमध्ये चुंबकीय थर दिलेल्या चकत्या वेगाने फिरत असतात. थरावरील अतिसूक्ष्म जागांच्या चुंबकनाच्या दिशांवरून ० आणि १ हे अंक वाचले जातात. एस.एस.डी. या प्रकारात फिरती चकती नसते. तेथे हेच काम साठवलेला विद्युतभार करतो. असा एक अंक म्हणजे एक बिट आणि आठ बिट मिळून एक बाइट. डिस्कवरील सारी जागा समान कप्प्यांत विभागलेली असते. एका कप्प्यात ५१२ किंवा ४०९६ बाइट मावतात आणि प्रत्येक कप्प्याला क्रमांक असतो. संगणकाने 'अमुक क्रमांकाचा कप्पा दे' म्हणावे आणि डिस्कने तो द्यावा, इतकाच हा व्यवहार. येथपर्यंत विंडोज, मॅक आणि लिनक्स यांच्यात काहीच भेद नाही.

भेद पुढे येतो. डिस्कला 'फाइल' ही गोष्टच ठाऊक नसते. तुमचा चित्रपट लाखो कप्प्यांत पसरलेला असतो. त्याचे नाव काय, तो कोणत्या कप्प्यांत आहे, कोणत्या क्रमाने आहे आणि कोणते कप्पे रिकामे आहेत, याची नोंद कोठेतरी ठेवावी लागते. ग्रंथालयात पुस्तकांबरोबर नोंदवही असते, तशीच ही डिस्कवरील नोंदवही होय. ती ठेवण्याच्या पद्धतीला फाइल-व्यवस्था म्हणतात.

प्रत्येकाची वही निराळी

संगणकाचा सर्व कारभार पाहणाऱ्या मूळ कार्यक्रमाला कार्यप्रणाली म्हणतात. प्रत्येक कार्यप्रणालीच्या कर्त्यांनी आपापल्या गरजेप्रमाणे नोंदवही आखली. विंडोजची एनटीएफएस ही पद्धती १९९३ साली आली. मॅकसाठी १९९८ साली एचएफएस प्लस आणि २०१७ साली एपीएफएस आली. लिनक्सवर बहुधा ईएक्सटी-४ वापरतात. ती २००८ सालची. मॅकला एनटीएफएस वही वाचता येते, पण तिच्यात लिहिण्याची सोय त्याच्यात मुळात नाही. विंडोजला तर मॅकची किंवा लिनक्सची वही जादा सॉफ्टवेअर घातल्याशिवाय उलगडत नाही.

मग सर्वांना ठाऊक असलेली वही कोणती? १९७७ साली मायक्रोसॉफ्टमधील मार्क मॅक्डोनाल्ड यांनी फ्लॉपीसाठी फॅट नावाची साधी पद्धती तयार केली. तिच्यात एक तक्ता असतो. समजा, एखादी फाइल ५ व्या जागेपासून सुरू होते. तक्त्याच्या ५ व्या ओळीत ९ लिहिले आहे. म्हणून पुढचा भाग ९ व्या जागी. ९ व्या ओळीत १२ आहे आणि १२ व्या ओळीत 'समाप्त' अशी खूण. चिठ्ठीवरून चिठ्ठी शोधत जाण्याच्या खेळासारखेच हे आहे! पद्धती सोपी असल्याने ती पुढे जवळजवळ सर्व संगणकांनी, इतकेच नव्हे तर कॅमेऱ्यांनीही, आत्मसात केली.

परंतु १९९६ साली आलेल्या फॅट-३२ मध्ये एक अडचण आहे. फाइलची लांबी लिहिण्यासाठी तिच्यात ३२ बिट एवढीच जागा आहे. ३२ बिटांत मावणारी सर्वांत मोठी संख्या २ चा ३२ वा घात वजा १, म्हणजे ४,२९,४९,६७,२९५. तेव्हा फाइल सुमारे ४ जीबीपेक्षा मोठी असू शकत नाही. ६४ जीबीची डिस्क सगळी रिकामी असली, तरी ५ जीबीचा चित्रपट तिच्यावर ठेवता येत नाही. जागा आहे, पण तिची नोंद करता येत नाही!

म्हणून २००६ साली मायक्रोसॉफ्टने एक्सफॅट ही पद्धती आणली. तिच्यात लांबीसाठी ६४ बिट आहेत. २०१० साली मॅकने ती स्वीकारली. २०१९ साली मायक्रोसॉफ्टने तिचा संपूर्ण तपशील खुला केला आणि त्याच वर्षी ती लिनक्सच्या गाभ्यात दाखल झाली. आज तिन्ही प्रणालींना एक्सफॅट डिस्क वाचता येते आणि तिच्यावर लिहिताही येते.

या सोयीची किंमतही आहे. हिशेबनीस व्यवहार आधी कीर्दीत टिपतो, मग खतावणीत नेतो. एनटीएफएस आणि ईएक्सटी-४ या पद्धतीही करावयाचा बदल आधी टिपून ठेवतात. मध्येच वीज गेली तर त्या टिपणावरून वही सावरता येते. एक्सफॅटमध्ये अशी कीर्द नाही. म्हणून लिहिणे चालू असताना तार उपटली, तर नोंदवही बिघडू शकते. डिस्क काढण्यापूर्वी 'इजेक्ट' करावयाचे ते याचसाठी.

सावधान!

मोडी न येणाऱ्या माणसाच्या हाती जुने मोडी दप्तर दिले आणि 'मला वाचता येत नाही, कागद धुऊन कोरे करू का?' असे त्याने विचारले, तर आपण होकार देऊ काय? 'फॉरमॅट करा' हा संगणकाचा संदेश नेमका असाच असतो. डिस्क बहुधा बिघडलेली नसते. तिची वही त्या संगणकाला परकी असते, एवढेच. अशा वेळी नकार द्यावा आणि डिस्क मूळ संगणकावर जोडून पाहावी. झटपट फॉरमॅटमध्ये नवी कोरी वही तयार होते. जुना मजकूर काही काळ कप्प्यांत राहतो, पण त्याचा ठावठिकाणा हरवतो. चुकून असे घडलेच, तर त्या डिस्कवर नवे काहीही न लिहिता जाणकाराची मदत घ्यावी.

डिस्क सर्वांसाठी तयार करताना

१. डिस्कवरील सर्व फाइली दुसरीकडे उतरवून घ्या. त्यांतील काही उघडून खात्री करा.

२. विंडोजमध्ये डिस्कच्या चिन्हावर उजवी कळ दाबून 'फॉरमॅट' निवडा. मॅकमध्ये 'डिस्क युटिलिटी'तून 'इरेज' निवडा. पद्धती एक्सफॅट ठरवा. हुकूम देण्यापूर्वी डिस्कचे नाव व आकारमान पुन्हा तपासा. भलतीच डिस्क कोरी व्हायला नको.

३. फाइली परत ठेवा आणि डिस्क दोन्ही प्रकारच्या संगणकांवर उघडून पाहा.

४. महत्त्वाच्या फाइलींची एक प्रत अन्यत्र कायम ठेवा.

करून पाहा

(अ) विंडोज संगणकाला पेनड्राइव्ह जोडून त्याच्या 'प्रॉपर्टीज' उघडा. तेथे कोणती फाइल-व्यवस्था लिहिली आहे? वर्गातील पाच पेनड्राइव्हचा तक्ता करा.

(आ) एक्सफॅटमध्ये फाइलचे नाव २५५ चिन्हांपर्यंत लांब असू शकते आणि ते देवनागरीतही देता येते. मात्र काना, वेलांटी, हलन्त हेही संगणक स्वतंत्रपणे मोजतो. 'विज्ञान' या शब्दात आपल्याला तीन अक्षरे दिसतात. संगणक सात चिन्हे मोजतो. ती कोणती, हे लिहून काढा आणि मग स्वतःच्या नावाची चिन्हे मोजा.